राजधानी पाहावी कशी?

दिवाळीची किंवा नाताळची सुटी लागली, की कोल्हापुरात सहलीच्या गाड्यांची रीघ लागते. सकाळी अंबाबाईचे दर्शन, दुपारी नवा राजवाडा, सायंकाळी रंकाळ्याच्या काठी भेळ आणि दुसऱ्या दिवशी पन्हाळा, असा बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. गाडी परतीच्या वाटेला लागताच 'कोल्हापूर पाहून झाले' असे समाधान सर्वांना वाटते. परंतु याला एका रम्य शहराचे दर्शन म्हणता येईल. राजधानीचे दर्शन म्हणणे कठीण आहे. राजांचे वाडे पुष्कळ गावी आहेत. राजा आपल्या प्रजेसाठी काय करून गेला, हे जेथे डोळ्यांनी पाहता येते, ती खरी पाहण्याजोगी राजधानी. आणि या कसोटीस उतरणारे कोल्हापूरसारखे शहर विरळाच.

छत्रपती राजारामांच्या निधनानंतर सात वर्षे औरंगजेबाशी झुंजणाऱ्या महाराणी ताराबाईंनी १७१० च्या सुमारास पन्हाळ्यास स्वतंत्र गादी स्थापन केली. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी गडावरून खाली कोल्हापुरात आली आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत ती तेथेच होती. म्हणून पाहणाऱ्याने आरंभ पन्हाळ्यापासून करावा हे उत्तम. गडावर पाय ठेवताच मुले तोफा आणि बुरूज शोधू लागतात. त्यांत वावगे काही नाही. तथापि अंबरखान्यापाशी थोडे अधिक थांबावे. ही धान्याची प्रचंड कोठारे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने गडाला घातलेला वेढा चार महिने सोसता आला तो केवळ तलवारीच्या बळावर नव्हे, हे ती कोठारे पाहिल्यावाचून नीट उमगत नाही. शिवाजी महाराजांचा वेष घेऊन शत्रूच्या हाती लागणारा आणि प्राणास मुकणारा शिवा काशीद याच गडाच्या पायथ्याचा. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यांत पन्हाळाही आहे.

शहरात उतरल्यावर अंबाबाईच्या देवळात जावेच. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. जानेवारीची अखेर आणि फेब्रुवारीचा आरंभ, तसेच नोव्हेंबरचा दुसरा आठवडा या दिवसांत मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरून देवीच्या मूर्तीवर पडतात. सूर्य दक्षिणायनात जाताना आणि उत्तरायणात परतताना, असा वर्षातून दोनदा क्षितिजावरच्या त्याच बिंदूशी मावळतो, म्हणून हा योग दोनदा येतो. हे गणित दगडात बांधणाऱ्या कारागिरांची नावे कोठेही कोरलेली नाहीत! आता आसपासच्या बांधकामांमुळे कधी कधी त्या किरणांच्या वाटेत अडथळा येतो, ही गोष्ट मात्र कोणालाही भूषणावह नाही.

टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालय बहुतेक सहली टाळतात. तेथे समुद्रदेव पोसायडनची एक लहानशी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर ती सापडली. सह्याद्री ओलांडून भूमध्य समुद्राकडील देव येथवर आला कसा? दोन हजार वर्षांपूर्वीचे व्यापारी कोठून कोठे जात असत, याचा विचार करण्यास ती एक मूर्ती पुरे. नवा राजवाडा १८८४ मध्ये बांधून पुरा झाला. काळ्या घडीव दगडाची ती इमारत आणि तिचा घड्याळाचा मनोरा पाहून डोळे निवतात. आत पेंढा भरलेले वाघ आहेत आणि मुले तेथून हलत नाहीत, असा सर्वच शिक्षकांचा अनुभव!

पण यानंतर पावले दसरा चौकाकडे वळवावीत. तेथे ना तिकिटाची खिडकी, ना वाटाड्या. राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि आसपास विद्यार्थ्यांची वसतिगृहे आहेत. शिक्षणासाठी खेड्यांतून शहरात येणाऱ्या मुलांना राहावयास जागा मिळत नसे. ही अडचण ओळखून महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभारण्यास साह्य केले. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची मुले, सर्वांची सोय झाली. १९०२ च्या जुलैत महाराज इंग्लंडात असताना त्यांचा हुकूम निघाला, की संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. पहाटे दिव्याखाली पाठांतर करणाऱ्या मुलांनी ज्या साध्या खोल्या भरून गेल्या, त्यांच्यासमोर क्षणभर उभे राहिले तर सहलीचा कार्यक्रम काही बिघडत नाही.

असे पाहू गेले, की रस्तेही बोलू लागतात. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास कोणी धजेना. महाराजांनी आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवून स्वतः चहा घेतला आणि बरोबरच्यांनाही घ्यावयास लावला. एका कप चहाने जे साधले, ते कदाचित दहा हुकुमांनी साधले नसते.

खासबागेचे कुस्तीचे मैदान हेही त्याच राजाचे देणे. रोममधील प्राचीन रंगभूमी पाहून त्यांना ही कल्पना सुचली आणि १९१२ मध्ये मैदान तयार झाले. मध्ये तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक. कोठेही बसले तरी कुस्ती दिसावी, अशी रचना. शेजारीच १९१५ मध्ये नाट्यगृह उभे राहिले. पुढे त्यास संगीत नट केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. ज्या रंगमंचावर आजोबांनी नाटके पाहिली, तो नातवाने जळताना पाहिला. लोक रस्त्यावर उभे राहून रडले, आणि ते पुन्हा उभारण्याचे काम लवकरच हाती घेण्यात आले. राजवाड्यासाठी इतके अश्रू आले असते काय, याचा विचार करण्यासारखा आहे.

एखादा दिवस हाताशी उरलाच, तर तो राधानगरीस द्यावा. शेतकऱ्याला दुष्काळाची धास्ती राहू नये म्हणून महाराजांनी भोगावती नदीवर धरण बांधावयास घेतले. १९२२ मध्ये ते निवर्तले तेव्हा काम अपुरेच होते. ते पुरे झाले स्वातंत्र्यानंतर. पावसाळ्यात जलाशय काठोकाठ भरला, की पाण्याच्या दाबानेच धरणाची दारे आपोआप उघडतात. त्या पाण्याचा गडगडाट दुरूनही ऐकू येतो, आणि तेच पाणी भोगावतीच्या खोऱ्यातून पंचगंगेला मिळून कोल्हापूरच्या घाटाशी येते.