खोटी माशी, खरी नदी

खऱ्या नोटेकडे सर्वांत बारकाईने कोण पाहतो? ती खिशात घालणारा नव्हे आणि मोजणारा तर मुळीच नव्हे. पाहतो तो खोटी नोट बनवणारा. बँकेत आयुष्य काढलेल्या कुणालाही हे पटेल. कागद, रंग, रेघ न् रेघ त्याला पाठ असते. हा गुण चांगल्या कामी लावणारी एक कला जगात आहे: ट्राउट माशासाठी नकली माश्या बांधण्याची.

आपल्याकडे गळ म्हटला की गांडूळ किंवा कणकेची गोळी आठवते. ट्राउटवाला मात्र गळावर पिसे आणि धागा यांचा एक कीटक बांधतो. ही युक्ती जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला रोमन लेखक ईलियन याने मॅसिडोनियातल्या कोळ्यांची हकिकत लिहून ठेवली आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळत आणि कोंबड्याची दोन पिसे लावत. आजची रीतही मुळात तीच आहे. जेमतेम सेंटिमीटरभर गळ छोट्या शिकंज्यात धरायचा, मेण लावलेला धागा त्यावर गुंडाळायचा, कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे चार तंतू शेपटीला बांधायचे आणि मोराच्या किंवा फेझंटच्या पिसाच्या तंतूंनी अंग भरायचे. मग एक ताठ पीस गळ्याभोवती गोल फिरवायचे. त्याचे केस चहूबाजूंनी उभे राहतात आणि त्यांच्यावर माशी पाण्याच्या पृष्ठभागावर तरते. शेवटी गाठ आणि रोगणाचा एक थेंब. गंमत अशी, की गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान.

पण बांधणे हा सोपा भाग. कोणती बांधायची, ही खरी परीक्षा. 'मेफ्लाय' नावाचा कीटक घ्या. पाण्यातल्या दगडाखाली तो महिनोन् महिने राहतो. मग पृष्ठभागावर येऊन कात टाकतो आणि त्याला मळकट पंख फुटतात. पुन्हा एकदा कात टाकली की ते काचेसारखे होतात. पंख आल्यावर तो पुन्हा काही खात नाही. वीण झाली, अंडी घातली, की संपला. पंखांचे आयुष्य उणेपुरे दिवसाचे. या प्रत्येक अवस्थेची वेगळी माशी बांधावी लागते, कारण ट्राउट पुष्कळदा त्या वेळी जे वाहत येत असेल तेवढेच खातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात हॅलफर्ड तरंगत्या माशीचा कैवारी होता. पुढे स्क्यूज म्हणाला, मासा पाण्याखालची पिल्ले जास्त खातो, मग तीच का बांधू नयेत? त्यावरून बरीच वर्षे वाद झडले. आपल्याला हसू येईल. पण दोन्ही बाजूंचे लोक दगड उलटून पाहणारे होते.

ट्राउट आपला नव्हे. 1900 साली स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मीरला आली आणि तिथे तो रुजला. पुढे कुलू आणि निलगिरीतही. त्याला थंडगार आणि खळाळते पाणी लागते. कुलंगच्या उतारावरून निघून देवळालीजवळून जाणाऱ्या आपल्या दारणेत तो जगणार नाही, आणि सोडूही नये. आपला मासा महसीर. कर्नल साइक्सने 1839 साली पुण्याच्या मुळा-मुठेतून त्याची नोंद केली आणि 'खुद्री' हे त्याचे देशी नाव शास्त्रीय नावात कायम झाले.

तरीही या कलेशी सह्याद्रीचे नाते आहे. इथल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे चकचकीत ठिपके असतात. त्या ठिपक्यांसाठी साहेबाच्या देशात ही पिसे सोन्यासारखी जपली गेली. आज आपल्या कायद्याने या पक्ष्याला संरक्षण आहे आणि तिकडचे शौकीन तिकडेच पाळलेल्या पक्ष्यांची पिसे वापरतात. आपल्या कोंबड्याचे पीस त्यांनी भिंग लावून पाहिले. आपल्यापैकी किती जणांनी तो पक्षी पाहिला आहे?

कुणी म्हणेल, काय हा रिकामटेकडेपणा! जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत कंटाळलेल्या गोऱ्या सोजिरांवरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोके फिरलेला असा शब्द आला. पिसे बांधत बसणाऱ्यालाही तो लावता येईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: माशाला फसवून त्याच्या जबड्यात गळ रुतवायचा, आणि वर त्याला कला म्हणायचे? हा आक्षेप मला मान्य आहे. पकडलेला मासा सोडून दिला तरी त्याची वेदना खोटी ठरत नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीत गावकरी देवीच्या श्रद्धेने महसीरला हात लावत नाहीत. ती रीत मला गळापेक्षा थोर वाटते.

पण श्रद्धा मासा वाचवते, पाणी वाचवतेच असे नाही. वरून मैला आला की देवीच्या डोहालाही कुंपण घालता येत नाही. तिथे माशी बांधणाऱ्याची नजर हवी. मेफ्लायची पिल्ले अंगावरच्या कल्ल्यांनी श्वास घेतात. कॅडिसची अळी वाळूचे कण रेशमाने जोडून घर करते. यांतल्या बहुतेकांना प्राणवायूने भरलेले पाणी लागते. ते नाहीसे झाले, की पाणी दिसायला कितीही नितळ असो, नदीचे काही तरी बिघडले आहे हे समजावे. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांतही या कीटकांची मोजदाद आहे.

आपली नदीची ओळख मात्र दोन टोकांची. एक तर आरती, नाही तर पावसाळ्यात धरणातून किती क्युसेक सोडले त्याचा आकडा. 1916 पासून दारणा धरणात अडलेले पाणी कालव्यांनी कोपरगाव-राहात्याच्या उसापर्यंत जाते. त्याचा थेंबाथेंबाचा हिशेब होतो, भांडणेही होतात. दर बारा वर्षांनी सिंहस्थात गोदेच्या पात्राची चर्चा होते. पण त्या पाण्यात राहते कोण, हा प्रश्न कुणी विचारत नाही. दिसेल त्याला 'किडा' म्हणून आपण मोकळे होतो. ज्याला नाव नाही, त्याच्या मरणाची बातमी होत नाही.

माझे म्हणणे एवढेच. गळ नको, मासाही नको. या कलेचा अर्धा भाग तेवढा आपण उचलावा. नदीकाठच्या शाळांनी हिवाळ्यात, पाणी उतरल्यावर, मुलांना उथळ प्रवाहाशी न्यावे, सोबत जाणते माणूस असावे. मुलांनी एक दगड उलटावा, पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन काय वळवळते ते पाहावे, वहीत त्याचे चित्र काढावे आणि दगड होता तसा ठेवावा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा यावे. खर्च एका ताटलीचा आणि एका वहीचा. दहा वर्षांच्या वह्या साठल्या, की त्या नदीचे पासबुक तयार होईल. शिल्लक वाढते आहे की घटते आहे, ते मग आपल्या मुलांनाच कळेल. त्यासाठी कुणाच्या अहवालाची वाट पाहावी लागणार नाही.