पाचटाला काडी लावण्याआधी



नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत आपल्या देशाने २०७० सालापर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे जाहीर केले. म्हणजे तापमान वाढविणारे वायू हवेत जेवढे सोडू, तेवढेच शोषून घ्यायचे. देशाच्या २०२० सालच्या हिशेबात या वायूंत शेतीचा वाटा सुमारे १४ टक्के होता. जनावरे, भातखाचरे, रासायनिक खते आणि रानात जाळलेला काडीकचरा, सगळे त्यात आले. तेव्हा हा विषय दिल्लीवर सोडून चालणार नाही.

आपल्या हिश्शाचे काम तोडणी झालेल्या फडातच पडले आहे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. काडी लावली की रान मोकळे! कोणी म्हणेल, उसाने हवेतून घेतलेला कर्ब हवेत परत गेला, बिघडले कुठे? बिघडते ते असे की, धुराबरोबर मिथेन आणि नायट्रस ऑक्साईडही जातो आणि जमिनीच्या वाट्याचा सेंद्रिय कर्ब फुकट जातो. पाचटात साधारण अर्धा टक्का नत्र असते. १० टनांत ५० किलो, म्हणजे युरियाच्या दोन पोत्यांहून जास्त. ते सगळे एकाच हंगामात पिकाला लागू होत नाही, हे खरे. पण जाळल्यावर तेही गेले, आणि विकतच्या युरियातून पुन्हा नायट्रस ऑक्साईड सुटतो तो वेगळाच.

शेतकरी काही हौसेने जाळत नाही. पाचटातून पाणी पुढं सरकत नाही, साप-उंदरांची धास्ती, मजूर मिळत नाही, अन् खोडव्याला पाणी द्यायची घाई. त्याला नुसता उपदेश किंवा दंड करून भागणार नाही.

म्हणून कारखान्याने गटवार पाचट कुट्टी यंत्रे ठेवावीत, भाडे ऊसबिलातून वळते करावे. टोळ्यांनी ऊस जमिनीलगत तोडावा, याकडे शेतकी खात्याने लक्ष द्यावे. सभासदांनी पाचट सरीत दाबून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत.

पण यंत्र तोडणीपाठोपाठ बांधावर आले पाहिजे. पंधरा दिवसांनी आले तर उपयोग नाही. संचालक मंडळाने येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती.

— एक सभासद