ऋण जपानचे, नगर स्वतःचे

कलेच्या प्रांतात जकातनाका उभारून बसण्याची काही समीक्षकांना मोठी हौस असते. चित्र समोर आले की त्यातील रेषा कोठून आली, रंग कोणाचा, मांडणी कोणत्या देशाची, याची झडती घ्यावयाची, परक्या मालाचा शिक्का आढळला की तेवढी रक्कम चित्रकाराच्या नावावरून वजा करावयाची आणि शिल्लक राहील तिला अस्सलपणाचा दाखला द्यावयाचा, अशी ही जुनी वहिवाट आहे. या वहिवाटीने रशियन ठसाचित्रकार आन्ना पेत्रोव्ना ऑस्त्रोउमोवा-लेबेदेवा (१८७१–१९५५) यांचा हिशेब मांडला, तर बाईंच्या पदरी फारसे काही उरावयाचे नाही; आणि तरीही सेंट पीटर्सबर्ग हे नगर सुंदर आहे, ही गोष्ट ज्या थोड्या लोकांनी खुद्द पीटर्सबर्गकरांना पटवून दिली त्यांत या बाईंची गणना करावी लागते. म्हणून कोणी काय उसने घेतले याच्या चौकशीपेक्षा, घेतल्यावर तो कलावंत कशाकडे पाहू लागला याची चौकशी मला अधिक महत्त्वाची वाटते.

१८९६ साली पीटर्सबर्गच्या कला अकादमीत सेर्गेई किताएव्ह नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने, पूर्वेकडील सफरींत जमवलेल्या जपानी चित्रांचे व ठशांचे प्रदर्शन भरवले. हा संग्रह सरकारने विकत घ्यावा म्हणून त्या गृहस्थाने पुढे पुष्कळ खटपट केली, पण सरकारी दप्तरांतून असल्या अर्जांचे जे सर्वत्र होते तेच येथेही झाले. सरकारला जे घेणे सुचले नाही ते अकादमीतील एका विद्यार्थिनीने मात्र विनामूल्य नेले. ही विद्यार्थिनी म्हणजेच ऑस्त्रोउमोवा. तिने वासिली माते यांच्याजवळ लाकडावरील कोरीवकामाचे धडे घेतले होते, आणि त्या काळी युरोपात या विद्येची स्थिती मोठी शोचनीय झालेली होती. तैलचित्रांच्या प्रतिकृती मासिकांत छापता याव्यात म्हणून छायाप्रकाशाच्या छटा हजारो बारीक रेघांनी फळीवर उतरवावयाच्या, एवढेच काम या विद्येला उरले होते, आणि तेही छायाचित्रणाच्या नव्या युक्त्या दिवसेंदिवस तिच्या हातून काढून घेत होत्या. अशा वेळी ठसा म्हणजे दुसऱ्या चित्राची नक्कल नव्हे, तो स्वयंपूर्ण कलाकृती होऊ शकतो, मोजक्या रेषा आणि दोनतीन सपाट रंग एवढ्या भांडवलावर पाऊस, धुके, नदी आणि रस्त्यावरची गर्दी उभी करता येते, हा साक्षात्कार त्या प्रदर्शनाने घडवला. पुढे १८९८–९९ मध्ये पॅरिसला चित्रकार व्हिस्लरच्या हाताखाली तिने जी तालीम घेतली, तीही एका अर्थी जपानचीच दुसरी पायरी होती, कारण व्हिस्लर स्वतः त्या ठशांपुढे कित्येक वर्षे बसून शिकलेला.

जपानी वेड त्या काळी युरोपभर पसरले होते. युरोपीय स्त्रीला किमोनो नेसवावा, हाती पंखा द्यावा, मागे एक पडदा उभा करावा, की चित्र जपानी झाले असे समजणारे चित्रकार पॅरिसात थोडे नव्हते. ऑस्त्रोउमोवाबाईंच्या पीटर्सबर्गच्या ठशांत यातले काही नाही. त्यांनी जपानकडून सामान उचलले नाही, पथ्य उचलले. ते पथ्य गाळण्याचे होते. लाकडी ठशात पांढरे मिळवावयाचे तर तेथील लाकूड काढून टाकावे लागते, म्हणजे जे कोरून नाहीसे केले तेच कागदावर प्रकाश होऊन उमटते, आणि ज्या नगरावर वर्षातील कित्येक महिने बर्फ पडलेले असते त्या नगराच्या चित्रकाराला याहून अनुकूल साधन कोणते मिळणार? १९०९ चा ‘बर्फाखालील अ‍ॅडमिरल्टी’ हा ठसा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

त्याच्या एक वर्ष आधीचा, शेअर बाजाराच्या इमारतीच्या खांबांतून दिसणाऱ्या नेवा नदीचा ठसा तर मला बाईंच्या साऱ्या कारकिर्दीची किल्लीच वाटतो. भव्य खांब अगदी पुढ्यात उभे केले आहेत, आणि ज्या दृश्यासाठी चित्र काढले ते विस्तीर्ण पात्र व पलीकडचा तीर त्या खांबांच्या फटींतून दिसतात. जपानी ठसाचित्रकार हिरोशिगेने १८५७ साली कामेइदोच्या उपवनाचे दृश्य एका आडव्यातिडव्या फांदीआडून दाखवले होते. जवळची वस्तू डोळ्यांसमोर दामटून उभी करावयाची आणि तिच्यामुळेच दूरचे अंतर जाणवून द्यावयाचे, ही तीच युक्ती आहे. परंतु फांदीच्या जागी दगडी खांब येताच तिचा स्वभाव पालटला. ज्या नगराच्या कवायती शिस्तीला रशियन लोक नीरस आणि सरकारी म्हणून नाके मुरडीत आले, त्याच शिस्तीत एक गंभीर भव्यता आहे हे या युक्तीने उघड केले. कलासमीक्षक अलेक्झांडर बेनुआ यांनी १९०२ साली ‘मीर इस्कुस्स्त्वा’ या नियतकालिकात पीटर्सबर्गच्या सौंदर्याचा कैवार घेऊन लेख लिहिला, तेव्हा त्याच्या सोबतीला बाईंचे ठसे होते. लेखाने जे विधान केले त्याचा पुरावा ठशांनी दिला, असे म्हणण्यास हरकत नाही.

जपानी गुरूंपासून त्या जेथे वेगळ्या झाल्या तेही नोंदवले पाहिजे. एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, ठशात चित्र रेखाटणारा एक, फळी कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा, आणि या तिघांवर प्रकाशकाची हुकमत, अशी कामाची वाटणी असे. बाई ही तिन्ही कामे स्वतः करीत. ज्या देशाकडून त्या गाळण्याचे पथ्य शिकल्या त्याच देशाच्या आरमाराने १९०५ च्या मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाचे आरमार बुडवले. त्या पराभवाने जपानचे ठसे रशियन भिंतींवरून उतरवले असते तरी ते मनुष्यस्वभावाला धरूनच झाले असते, पण बाईंच्या कामात त्यानंतरही तो धडा पुसट झालेला दिसत नाही. तैलरंगांच्या वासाने त्यांना दम्याचा त्रास होई, त्यामुळे तो मार्ग बंद होऊन जलरंगांकडे वळणे भाग पडले, हा प्रारब्धाचा भाग. त्यांचे पती सेर्गेई लेबेदेव्ह हे कृत्रिम रबराचे जनक म्हणून ख्यात झालेले रसायनशास्त्रज्ञ. एकाच घरात दोन प्रयोगशाळा नांदत होत्या म्हणायच्या.

१९४१ साली पीटर्सबर्गला, म्हणजे तेव्हाच्या लेनिनग्राडला, वेढा पडला तेव्हा बाई सत्तरीच्या होत्या. त्यांनी नगर सोडले नाही. न्हाणीघरात हात धुण्याच्या भांड्यावर रेखाटनाची फळी आडवी टाकून, तिच्यावर दौत आणि समोरच्या फळकुटावर एक मिणमिणती वात ठेवून त्या आपल्या आठवणी लिहीत. या आठवणींचे तीन खंड १९३५, १९४५ आणि १९५१ मध्ये निघाले. परक्यांपासून शिकलो असे उघड सांगणे सोव्हिएत राजवटीत उत्तरोत्तर महाग पडत गेले. तरी जपानी प्रदर्शनाने आपल्याला काय दिले हे त्यांनी सांगून ठेवले आहे, आणि लपवाछपवी करणाऱ्या कलावंतांपेक्षा असा ऋणको मला अधिक श्रीमंत वाटतो. किताएव्हचा संग्रह शेवटी मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात गेला. बाईंचे ठसे पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहेत. दोहोंमध्ये एका रात्रीचा आगगाडीचा प्रवास आहे. ज्या समीक्षकाला जकात वसूल करावयाचीच असेल त्याने तो प्रवास करून मगच पावती फाडावी.