चला, इंग्रजी शिकू या : उद्याची गोष्ट सांगणारा ‘विल’

मुलांनो, मागच्या अंकात आपण ‘काल’ घडलेल्या गोष्टी इंग्रजीत सांगायला शिकलो. गोचं वेंट, ईटचं एट अशी रूपं पाठ करताना बरेच जण दमले असतील. आज जरा सुटका! आज ‘उद्या’ची पाळी, आणि भविष्यकाळात इंग्रजी आपल्या मराठीपेक्षा सोपी आहे. खोटं वाटतं? मग बघा.

मी जाईन, आम्ही जाऊ, तू जाशील, तुम्ही जाल, तो जाईल, ते जातील. एका ‘जा’ची सहा रूपं झाली! आता इंग्रजी : आय विल गो, वुई विल गो, यू विल गो, ही विल गो, दे विल गो. ‘गो’ जागचा हलला का? नाही. त्याच्या आधी ‘विल’ बसला, की काम झालं. पण ‘ही गोज’ घोटून तयार झालेली मुलं हटकून ‘ही विल गोज’ लिहितात. तसं नको. विल आला की क्रियापद मूळ रूपातच ठेवायचं.

आमच्या असोद्याला, आणि खानदेशात पुष्कळ ठिकाणी, ‘मी येईन’च्या जागी ‘मी येईल’ म्हणतात. बाहेरगावची मुलं त्याला हसतात, मग आपलं पोरगं गप्प होतं. मराठीत गप्प झालेलं पोरगं इंग्रजीच्या तासालाही तोंड उघडत नाही, हे मी वर्गात रोज बघते. अरे, मी येईल, तो येईल, दोघांना एकच रूप! इंग्रजीतला विल तरी दुसरं काय करतो? पेपरात ‘येईन’ लिहा, पण घरच्या बोलीला लाजू नका. याच असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांची लेवा गणबोलीतली गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली.

असो. ‘नाही’ म्हणायचं तर विलच्या मागे नॉट लावा : आय विल नॉट गो. बोलताना त्याचाच ‘वोन्ट’ होतो. प्रश्न विचारायचा तर विल उचलून पुढे ठेवा : विल यू कम? आई-बाबांना कदाचित ‘आय शॅल गो’ असं शिकवलेलं आठवत असेल. ते चूक नाही, पण आता आय आणि वुईलाही सर्रास विलच लावतात. ‘जाऊ या का?’ असं विचारताना मात्र शॅल अजून हवाच : शॅल वुई गो?

आता खरी गंमत आणि खरा घोटाळा. ‘पाऊस आला तर आम्ही कपाशी लावू.’ पाऊस अजून यायचाय, तरी आपण ‘आला’ म्हणतो, म्हणजे चक्क भूतकाळ! इंग्रजी तिथे साधा वर्तमानकाळ वापरते : इफ इट रेन्स, वुई विल प्लांट कॉटन. इफच्या बाजूला विल नाही, दुसऱ्या बाजूला आहे. ‘बाबा आले की मी त्यांना सांगेन’ याचंही तसंच : व्हेन फादर कम्स, आय विल टेल हिम. शब्दाला शब्द लावून ‘व्हेन फादर केम’ केलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, बाबा कालच येऊन गेले!

आणखी एक. आपण मित्राला म्हणतो, ‘तुझी वही उद्या देतो.’ देतो हा वर्तमानकाळ, पण अर्थ वचनाचा. इंग्रजीत ‘आय गिव्ह’ चालणार नाही. आय विल गिव्ह यू युवर नोटबुक टुमॉरो, असं म्हणा. दार वाजलं आणि तुम्ही उठत म्हणालात ‘मी उघडतो’, तरी तेच : आय विल ओपन द डोअर.

आधीच बेत ठरला असेल तर ‘गोइंग टू’ वापरतात. वांगी आणली, पऱ्हाट्या गोळा झाल्या, उद्या मळ्यात भरीत करणार आहोत. मग म्हणा : वुई आर गोइंग टू मेक भरीत टुमॉरो. आपल्या ‘करणार आहोत’चा हा जवळचा भाऊबंद.

पालकहो, तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी अडत नाही. रात्री जेवताना ‘उद्या काय करणार?’ एवढं मराठीत विचारा आणि उत्तर इंग्रजीत द्यायला सांगा. चुकलं तरी मधेच थांबवू नका, वाक्य पुरं होऊ द्या.

आता वही काढा आणि ही वाक्यं इंग्रजीत लिहा. मी उद्या शाळेत येणार नाही. तू क्रिकेट खेळशील का? आजी आली तर आम्ही जळगावला जाऊ. तिसऱ्या वाक्यात विल एकदाच येईल हं! उत्तरं पुढच्या अंकात.