तारांकित हृदय

सगळे शब्द शेवटी संस्कृतातूनच आले ना, हा प्रश्न भाषाविज्ञानाच्या तासाला आम्हांला दरवर्षी विचारला जातो. त्याला आवेशाने उत्तर देण्यापेक्षा एक शब्द फळ्यावर लिहावा, असे आमचे मत झाले आहे. तो शब्द आद्य केल्टिक भाषेतला : *क्रिद्योम्, म्हणजे हृदय.

हा शब्द कोणत्याही शिलालेखात वा पोथीत सापडलेला नाही. त्यापुढची तारका तेच सांगते. पुरावा आहे तो त्याच्या वंशजांचा. प्राचीन आयरिशमध्ये 'क्रिदे' म्हणजे हृदय. आजच्या आयरिशमध्ये त्याचे 'क्री' झाले. वेल्शमधील 'क्राइध' म्हणजे मात्र गाभा, आणि ब्रेतॉनमधील 'क्रेइस' म्हणजे मध्य. हृदयासाठी या भाषांनी निराळाच शब्द पत्करला. ग्रीक 'कार्दिया', लॅटिन 'कोर' (षष्ठी 'कोर्दिस') आणि लिथुआनियन 'शिर्दिस' शेजारी मांडले, की या सर्वांमागे इंडो-युरोपीय *कृद् उभा राहतो.

गंमत पुढेच आहे. लॅटिन 'केन्तुम्'समोर संस्कृतात 'शतम्' येते. त्या नियमाने येथे 'शृद्' अपेक्षित होते. प्रत्यक्षात आहे 'हृद्'. अवेस्तेतील शब्दही याच वळणाचा असल्यामुळे हा बदल इंडो-इराणी शाखेचा ठरतो. 'हृद्'मधील हकारापासून केल्टिक ककार कोणत्याही ज्ञात नियमाने निघत नाही. संस्कृत येथे माता नव्हे, भगिनी आहे. अपेक्षित शकार 'श्रद्धा'त टिकला, असे परंपरेने मानले जाते : श्रद्धा म्हणजे हृदय ठेवणे, लॅटिन 'क्रेदो' आणि प्राचीन आयरिश 'क्रेतिद' ही तिचीच भावंडे. या व्युत्पत्तीवर काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे, हेही वर्गात सांगितले पाहिजे.

अर्थाचे सरकणे तर आपल्या घरचेच आहे. 'हृदय' प्राकृतातल्या 'हिअअ'वाटे मराठीत 'हिय्या' झाले आणि त्याचा अर्थ धाडस झाला. ज्याला आपण काळीज म्हणतो, ते मुळात 'कालेय', म्हणजे यकृत!

व्युत्पत्ती म्हणजे वंशाचा अभिमान नव्हे, पुराव्याची शिस्त आहे. अभिमान तारका पुसून टाकतो. शिस्त ती जपते. आमच्या विद्यार्थ्यांनी शंभर व्युत्पत्त्या पाठ केल्या नाहीत तरी चालेल. ती तारका वाचण्याचा हिय्या मात्र त्यांनी करावा.