तुपाला औषध म्हणू नका



मुलीचं बाळंतपण परदेशात असलं की एक सल्ला हमखास मिळतो. तुपाची बरणी हातातल्या बॅगेत ठेवा, कुणी विचारलंच तर औषध आहे म्हणून सांगा. मला हे मुळीच पटत नाही. रात्रिभोजनाचा आणि कंदमुळांचा त्याग विमानातही पाळायचा, आणि सत्याणुव्रत मात्र तपासणीच्या रांगेत सोडून द्यायचं?

हा नियम आपल्याला छळायला केलेला नाही. 2006 साली लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रवरूप स्फोटकं नेण्याचा कट उघड झाला, तेव्हापासून तो आला. प्रत्येक बाटली 100 मिलीपर्यंतची, आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावतील एवढ्याच. तूप, दही, ओली चटणी हे सगळं द्रवातच धरतात. बरणीत दोनच चमचे तूप असलं तरी बघतात ते बरणीचं माप. काही विमानतळांवर नवी यंत्रं आल्याने सूट मिळते, पण दुबई-दोह्याला विमान बदलताना पुन्हा तपासणी असते. पहिल्या ठिकाणी सुटलेली बरणी तिथे कचऱ्यात जाते. एवढ्या निगुतीने कढवलेलं तूप!

खऱ्या औषधाला आणि तान्ह्या बाळाच्या दुधाला सवलत आहे. ती आजारी माणसांसाठी आहे. आपण खोटं बोललो की त्यांच्याकडेही संशयाने बघतात. तूप सामानात द्यायच्या मोठ्या बॅगेत ठेवावं. युरोपला जाणाऱ्यांनी तेही करू नये, तिथे बाहेरून दुधाचे पदार्थ नेताच येत नाहीत.

पाण्याचा प्रश्न मात्र खरा अवघड. गाळलेल्या पाण्याची मर्यादा 48 मिनिटं, उकळलेल्याची 24 तास, त्यामुळे नियमवाल्या बायका घरून पाणी घेऊन निघतात आणि रांगेत ते ओतावं लागतं. त्यापेक्षा रिकामा थर्मास न्या, तो चालतो. आत गेल्यावर चहाच्या दुकानात उकळतं पाणी मागा. नुसतं गरम आहे की उकळलेलं, हे विचारायला लाजू नका. पुढच्या तपासणीआधी ते पिऊन संपवा.

अमेरिकेत उतरून पुढे आणखी विमान असेल, तर पहिल्याच विमानतळावर बहुतेकदा सामान घेऊन परत द्यावं लागतं. ड्युटी फ्रीची अत्तराची बाटली तेव्हाच मोठ्या बॅगेत टाका.

आणि सासूबाईंना हे सगळं घरीच सांगा. मागे पन्नास माणसं खोळंबलेली असताना नव्हे.