थाळी वाजवून कान कळत नाहीत

नवजात बाळाला काही दिसत नाही, ऐकू येत नाही, हा समज चुकीचा आहे. बाळ पोटात असतानाच आईचा आवाज ऐकू लागते. नजर मात्र जन्मतः अंधुक असते. वीतभर अंतरावरचे, म्हणजे अंगावर पिताना समोर येणारा आईचा चेहरा, एवढेच त्याला बऱ्यापैकी दिसते. दोन-तीन महिन्यांत ते हलत्या वस्तूमागे नजर फिरवू लागते.

दीड-दोन वर्षांचे न बोलणारे मूल घेऊन आलेली आजी मला सांगते, "डॉक्टर, थाळी वाजवली की दचकतो. ह्याचा बापही उशिराच बोलला." थाळीचा दणका कमी ऐकणाऱ्या बाळालाही जाणवतो, साधे बोलणे मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. जी भाषा कानी पडलीच नाही, ती मूल बोलणार कशी?

माझ्या मते कानाची तपासणी लसीइतकीच आवश्यक मानावी. झोपलेल्या बाळाची ओएई तपासणी काही मिनिटांत होते, दुखत नाही. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे लक्षात ठेवा. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. डोळ्यांत काजळ, कानांत तेल घालू नका. बाहुलीत पांढरेपणा दिसला, तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.